सोबतच्या माणसाची प्रकृती

वैद्यकशास्त्र रोग्यावर उभं आहे, असा एक गोड गैरसमज समाजात पसरलेला आहे. प्रत्यक्षात ते रोग्यासोबत आलेल्या माणसावर उभं आहे. रोगी हा मुळातच भरवशाचा नसतो. त्याला दुखत असतं, त्यामुळे तो पक्षपाती होतो. सोबतच्या माणसाला काहीच दुखत नसल्यामुळे तो तटस्थपणे, सविस्तर आणि खणखणीत आवाजात माहिती देऊ शकतो. म्हणून कुठलाही जाणता डॉक्टर प्रश्न विचारताना आपली नजर रोग्याच्या डोक्यावरून अलगद पुढे नेतो आणि मागे उभ्या असलेल्या माणसावर टेकवतो. ही नजर मी आयुष्यभर खालच्या बाजूने बघत आले आहे. (डॉक्टरांच्या हनुवट्यांबद्दल माझ्याइतकी माहिती फार थोड्या लोकांना असेल.)

मी जन्मले तेव्हा माझ्या मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही. त्या गडबडीत मेंदूचं आणि हातापायांचं जे बिनसलं, ते पुन्हा जमलं नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. माझे पाय एकमेकांत अडकतात, डावा हात स्वतःच्या मर्जीने वागतो आणि जीभ प्रत्येक अक्षरापाशी थांबून रस्ता विचारते. डोकं ठीक आहे. पण ते ठीक असल्याचं बाहेरून दिसत नाही आणि त्याची तपासणी अजून कुठल्याच प्रयोगशाळेत सुरू झालेली नाही, त्यामुळे त्याबद्दल खात्रीने कोणी काही सांगू शकत नाही.

पोटापाण्यासाठी मी एका दैनिकाची शब्दकोडी रचते. उजव्या हाताचं एक बोट माझ्या शब्दाबाहेर नाही, तेवढं पुरतं. रोज सकाळी शेकडो माणसं चहाचा कप हातात धरून मी रिकामे सोडलेले चौकोन भरत बसतात. त्यांत आमच्या रुग्णालयातले डॉक्टरही असतात. एकदा एका डॉक्टरांनी टेबलावरचं अर्धवट सोडवलेलं कोडं बाजूला सारलं आणि माझ्या आईला विचारलं, "आपण बोलतो ते हिला कळतं का हो?" (पाच आडवा त्यांचा चुकला होता. मी काही बोलले नाही.)

ज्या विभागात माझ्यावर उपचार होतात तो बालरोग विभाग आहे. माझं वय एक्केचाळीस. सेरेब्रल पाल्सी हा लहान मुलांचा आजार समजला जातो आणि लहान मुलं पुढे मोठी होतात ही बातमी तिथपर्यंत पोचलेली नाही. दर काही महिन्यांनी मी तिथे स्नायू सैल करण्याची इंजेक्शनं घ्यायला जाते. भिंतीवर हसरे हत्ती आहेत. वजनाच्या काट्यावर बदक आहे. इंजेक्शनं झाली की सिस्टर माझ्या गालावर एक चांदणी चिकटवतात आणि म्हणतात, "शहाणी मुलगी." एकदा मी तशीच संपादकांच्या बैठकीला गेले. कोणी काही विचारलं नाही. लोक फार समजूतदार असतात.

माझी पहिली सोबत अर्थातच आई. तिची कारकीर्द दीर्घ आणि वैभवशाली होती. मला कुठे दुखतं, किती दुखतं, भूक कशी आहे, पोट साफ होतं का, हे सगळं आई सांगायची आणि मी ऐकायचे. कित्येकदा ती नवी माहिती असायची. मी आक्षेप घेऊ लागले की ती माझ्या दंडावर हलकेच थोपटायची. या थोपटण्याचा अर्थ 'डॉक्टरांना उशीर होतोय' असा होता. तिने माझं एक ऑपरेशन टाळलं, दोन लढून करून घेतली आणि एका नामांकित तज्ज्ञाला सगळ्या रांगेसमोर "तुम्हाला कळत नसेल तर तसं सांगा" असं सुनावलं. तिच्याविरुद्ध माझी एकही तक्रार नाही. पुढे तिचे गुडघे गेले आणि रुग्णालयाच्या चढाला हात जोडून ती निवृत्त झाली.

मी ठरवलं, आता आपण एकटीने जायचं. चाळिशी गाठल्यावर माणसाने थोडं धाडस करायला हरकत नसते. टॅक्सीने गेले, व्हीलचेअर ढकलून घेत नोंदणीच्या खिडकीपाशी पोचले. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डावीकडे, मग उजवीकडे, मग उठून माझ्या मागे.

"सोबत कोण आहे?"

"को...णी... ना..."

"कोणी नाना? कुठे आहेत नाना? बोलवा त्यांना."

बाई वाईट नव्हत्या. नियमच तसा होता. सोबत माणूस नसलेला रोगी आत सोडत नसत, कारण मग डॉक्टरांनी बोलायचं कोणाशी? मी पुष्कळ प्रयत्न केला. बाईंनी तेवढ्यात नानांच्या नावाने दोनदा पुकारा करून घेतला. शेवटी मला तिथवर ढकलून दारापाशी थांबलेला माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "मीच नाना. काय करायचंय सांगा."

तो माझा टॅक्सीवाला होता.

तसे ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. सगळे त्यांना रेडिओकाका म्हणतात, कारण सकाळी टॅक्सीचं दार उघडल्यापासून रात्री ते लावेपर्यंत त्यांचं बोलणं बंद होत नाही. सिग्नलवर ते शेजारच्या गाडीवाल्याला राजकारण समजावतात. गाडीत गिऱ्हाईक नसलं तर आरशाशी बोलतात. मला ते आवडायचे. जगातली बहुतेक माणसं माझं वाक्य ऐकताना आधी केविलवाणी होतात आणि मग घड्याळ बघतात. काकांना ती अडचणच नव्हती, कारण ते कोणाचंच वाक्य ऐकत नसत. त्यांच्या लेखी मी आणि बाकीची मनुष्यजात एकाच रांगेत होतो. अशी समानता मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

अशा रीतीने काका माझी अधिकृत सोबत झाले. पहिल्या खेपेला ते जरा बिचकले. डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पण डॉक्टर त्यांच्याकडे एवढ्या आशेने बघत होते की काकांना राहवलं नाही.

"झोप ना डॉक्टर, काय सांगू? रात्री दोनदा तरी उठावं लागतं."

मी रात्री एकदाही उठत नाही. उठवल्याशिवाय मला उठताच येत नाही.

"बरं. आणि पचन?"

"तेच तर! जळजळतं. तिखट खाल्लं की संपलंच. आणि हल्ली इथे," काकांनी स्वतःच्या छातीवर तळवा फिरवला, "इथे जड जड वाटतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि मला ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ताई, या तुम्हाला लागणार नसतील ना, तर..." मी पुडी त्यांच्या हातावर ठेवली. ज्याचं दुखणं त्याला औषध मिळालं. मध्ये मी होते, एवढाच काय तो आडवळणाचा मार्ग.

पुढे पुढे काका रंगत गेले. माणसाला आयुष्यात कोणी तब्येत विचारत नसेल आणि अचानक एक शिकलेला माणूस चष्मा काढून, हातातलं पेन खाली ठेवून विचारू लागला, तर त्याचं असंच होणार. घरी काकू त्यांना "तुम्हाला काय धाड भरलीय?" एवढंच विचारायच्या आणि उत्तराला थांबत नसत. स्वतःसाठी डॉक्टरकडे जायची काकांना भीती होती. "एकदा आत गेलं की ते काहीतरी काढतातच," असं त्यांचं मत होतं. पण माझ्या नावावर ते निर्धास्तपणे सगळं सांगायचे. डोळ्यांसमोर अंधारी येते. कंबर धरते. जिना चढताना धाप लागते.

"जिना चढताना?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"हो ना. पहिल्याच मजल्यावर दम भरतो."

डॉक्टरांनी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मला शक्यतो जिना टाळण्याचा सल्ला दिला. मी तो आजतागायत पाळते आहे.

आता एक गोष्ट इथे सांगायला हवी. रुग्णालयाच्या दारापर्यंत जायला एक चढ आहे. काका माझी खुर्ची ढकलत तो चढ चढायचे आणि अर्ध्यावर थांबून एखादा किस्सा सांगायचे. सुरुवातीला मला वाटायचं, किस्सा महत्त्वाचा म्हणून थांबले. पण मग किस्से भिकार होत गेले आणि थांबणं लांबत गेलं. एकदा तर ते चढावर तीन ठिकाणी थांबले आणि तिन्ही वेळा त्यांनी एकाच मेव्हण्याची एकच गोष्ट सांगितली. मी म्हणाले, "का...का, तु...म्ही... दा...ख..."

"दाखवतो ना! तो मेव्हणा तुम्हाला एकदा दाखवतोच," काका म्हणाले.

तर त्या दुपारची गोष्ट. इंजेक्शनांचा दिवस होता. मी टॅक्सीत बसले, काकांनी गाडी सुरू केली आणि पहिल्या चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, काकूंशी भांडण झालं असेल. दुसऱ्या चौकात एक मोटारसायकलवाला आरशाला घासून गेला. काका नुसते बघत राहिले. त्या मोटारसायकलवाल्याच्या सात पिढ्या सुरक्षित राहिल्या, याचा अर्थ काहीतरी भयंकर घडत होतं.

आरशात पाहिलं तर त्यांचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला होता. सदरा पाठीला चिकटलेला. डावा हात मांडीवर पडून होता आणि गाडी उजव्याने चालली होती.

"का...का?"

"ॲसिडिटी, ताई. सकाळी भजी खाल्ली." भज्यांवर एरवी ते अर्धा तास बोलले असते.

मला सांगायचं होतं: काका, ही ॲसिडिटी नाही, बालरोगाकडे वळू नका, सरळ कॅज्युअल्टीच्या दारात गाडी घ्या. एवढं बोलेपर्यंत आम्ही रुग्णालय ओलांडून पुढच्या गावात पोचलो असतो. म्हणून मी फक्त लाल पाटीकडे बोट दाखवलं आणि घसा फाटेल एवढ्या जोरात ओरडले, "ति...थे!" कशाला, असं काकांनी विचारलं नाही. विचारण्याइतका जोर त्यांच्यात नव्हता. त्यांनी गाडी दारासमोर वाकडीतिकडी उभी केली. माझी खुर्ची मागून काढली ती सवयीने. मला तीत बसवलं तेही सवयीने. मग खुर्चीच्या दांड्या धरून उभे राहिले. ढकलत नव्हते. नुसते टेकले होते.

त्यांच्या भारानेच खुर्ची पुढे सरकली आणि आम्ही कॅज्युअल्टीत शिरलो. एक घामाने निथळणारा, पांढराफटक, छातीशी मूठ धरलेला माणूस आणि एक व्हीलचेअरवाली बाई. तिथल्या दोन वॉर्डबॉयांनी क्षणाचाही विलंब न लावता मला उचललं.

त्यांच्या तत्परतेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मी पलंगावर होते, माझे बूट निघाले होते आणि माझ्या बोटाला चिमटा लागला होता. तो त्या खोलीतला शेवटचा रिकामा पलंग होता. काकांना कोणीतरी एक स्टूल दिलं आणि सांगितलं, "काका, तुम्ही बसा निवांत. आता आम्ही आहोत."

एक तरुण डॉक्टर धावत आली. डोळे झोपेअभावी लाल, पण हात झरझर चालणारे. आल्या आल्या काकांना विचारलं, "यांना असं कधीपासून होतंय?"

काकांनी श्वास घेतला. "जन्मापासून."

"ते कळलं हो. आज नवीन काय?"

"छातीत..." काका म्हणाले आणि थांबले.

"यांच्या छातीत दुखतंय," डॉक्टरने सिस्टरना सांगितलं. "ईसीजी काढा लगेच."

निदान बरोबर होतं, तपासणी बरोबर होती, घाईसुद्धा बरोबर होती. माणूस तेवढा चुकला होता.

मी सगळा जोर एकवटला. "म...ला... ना...ही..."

"घाबरायचं नाही," डॉक्टर माझ्या कानाशी मोठ्याने म्हणाली. मला ऐकू उत्तम येतं. "काही होणार नाही तुम्हाला."

"त्यां...ना..."

"ते इथेच आहेत. कुठे जात नाहीत ते."

नेमकी हीच मला भीती होती की ते जातील.

"ब...घा... त्यां..."

"बघतोय ना आम्ही. तुम्हालाच बघतोय."

माझी वाक्यं लोक आयुष्यभर पुरी करत आले आहेत. मी "पे" म्हटलं की कोणी पेढा देतं, कोणी पेन. मला त्याचा राग येत नाही. मी शब्दकोडी रचते. मोकळी जागा दिसली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, यावरच माझं घर चालतं. पण त्या पलंगावर पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच घाम फुटला. स्टुलावर काकांनी मान भिंतीला टेकली होती आणि डोळे मिटले होते. माझं वाक्य अर्ध्यावर असताना माणूस संपेल, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सिस्टरनी माझ्या छातीला, हातापायांना वायरी चिकटवल्या. "हलू नका हं," त्या म्हणाल्या. ही सूचना मला अगदी बालपणापासून मिळते आणि ती मिळाल्याबरोबर माझं सगळं शरीर नाचायला लागतं. भीतीने त्यात भर घातली. यंत्रातून कागद बाहेर येऊ लागला. त्यावर जे उमटलं ते हृदयाचे ठोके नव्हते. शाईत बुडालेली मांजर कागदावरून पळत गेली असावी, असं काहीतरी होतं.

डॉक्टरने कागद उभा धरला, आडवा धरला. "हे काय आहे?"

"परत काढू?" सिस्टर म्हणाल्या. परत काढला. मांजर परत पळाली.

आणि तेव्हा मला सुचलं. सांगून उपयोग नव्हता. सांगायला वेळच नव्हता. कोडं घालायला हवं होतं. पहिली अक्षरं मी द्यायची, बाकीचे चौकोन ते आपणहून भरतील. फक्त चौकोन असे पाहिजेत की भरणारा चुकून बरोबर उत्तरावर येईल.

"म...शी..." मी म्हणाले.

"मशीन?" डॉक्टर म्हणाली. "मशीन बिघडलंय म्हणता? मलाही तेच वाटतंय. सिस्टर, काल पण हे त्रास देत होतं ना?"

पहिला शब्द भरला.

"का...कां..."

"काका?"

"कां...व...र..."

"काकांवर?" तिने भुवया उंचावल्या. माझी मान स्वतःहून डोलते, नाही म्हणायचं असलं तरी डोलते. त्या दिवशी ती देवासारखी डोलली. "अच्छा! काकांवर लावून बघू? मशीन ठीक आहे की नाही ते कळेल. बरोबर! सिस्टर, जरा या काकांवर लावा हो. धडधाकट माणसावर नीट आलं तर मशीन ठीक."

"मला कशाला?" काका डोळे न उघडता पुटपुटले.

"दोन मिनिटं, काका. तुम्हाला काही नाही करायचं. मशीनची तपासणी आहे."

मशीनची तपासणी आहे म्हटल्यावर काकांनी सदरा वर केला. माणसाची म्हटली असती तर ते त्याही अवस्थेत पळून गेले असते.

कागद बाहेर आला. डॉक्टरने बघितला आणि समाधानाने म्हणाली, "मशीन ठीक आहे." मग तिने तो पुन्हा बघितला. मग काकांकडे. त्यांना ती आत्ता पहिल्यांदाच बघत होती. एरवी एवढ्या वेळात काका तीन वाक्यं बोलून मोकळे झाले असते.

"काका, तुमच्या छातीत दुखतंय का?"

"तेच... म्हणत होतो..."

पुढचं सगळं फार वेगात झालं. "यांना उतरवा!" अशी आरोळी उठली आणि ज्या वॉर्डबॉयांनी मला उचलून ठेवलं होतं, त्यांनीच मला उचलून खुर्चीत घातलं. माझा एक बूट काकांच्या उशाशी राहिला. सांगायला अभिमान वाटतो की, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या रुग्णालयाने मला पुरेशी आजारी नाही म्हणून पलंगावरून काढलं. काकांच्या तोंडात गोळी गेली, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला, हातात सुई शिरली. डॉक्टरने फोनवर वरच्या कोणालातरी भरभर सांगितलं, मग वळून ती ओरडली, "यांच्यासोबत कोण आहे?"

काकांनी मुखवट्याआडून माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरने बोटाच्या दिशेने बघितलं. मग माझ्या डावीकडे, मग उजवीकडे. तिथे भिंत होती. शेवटी तिची नजर खाली आली आणि माझ्या डोळ्यांवर थांबली. तिचे डोळे पिंगट होते. रुग्णालयात मला कोणाच्या डोळ्यांचा रंग कळण्याची ती पहिलीच वेळ.

नियम म्हणजे नियम. सोबतच्या माणसाला विचारणं भाग होतं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"कधीपासून दुखतंय यांना? आधी कधी असं झालं होतं? सांगा. मी थांबते."

आता गंमत बघा. काकांची तब्येत मला पाठ होती, कारण कित्येक महिने ती माझीच म्हणून सांगितली जात होती. मी सुरुवात केली. सकाळपासून दुखतंय, हे म्हणतात ॲसिडिटी, पण ते जेवल्यावरच नाही, चढ चढतानाही दुखतं, थांबले की कमी होतं, हल्ली तीन तीन वेळा थांबतात, आज डावा हात उचलत नाहीये, रात्री झोपेतून उठतात, ॲसिडिटीच्या गोळ्या घेतात, दुसरं औषध काही नाही. मी अक्षर अक्षर काढत होते. लाळ हनुवटीवर आली, ती सिस्टरनी पुसली, पण शब्द पळवला नाही. "चढताना"च्या मध्यावर डॉक्टरच्या ओठांनी पुढचं अक्षर धरलं आणि तिने ते दाताखाली दाबून ठेवलं. पलंगावर काका मुठी वळत होते. मला वाटलं वेदनेने. नंतर त्यांनीच सांगितलं, की माझं वाक्य पुरं करायची त्यांना उबळ येत होती आणि तोंडावर मुखवटा होता.

वाक्य पुरं झालं. पूर्णविरामासकट. मी इतकी थकले होते की मला रडू आलं आणि त्यावरही कोणी काही निदान केलं नाही.

काकांच्या हृदयाच्या एका नळीत जवळजवळ सगळा रस्ता बंद होता. त्याच दुपारी तो उघडला. संध्याकाळी काकू आल्या, मला मिठी मारली आणि सवयीने माझ्या मागे बघून विचारलं, "जेवली का ही?" चौथ्या दिवशी काका बोलायला लागले आणि पाचव्या दिवशी शेजारच्या पलंगावरच्या रोग्याने दुसऱ्या खोलीची मागणी केली.

या प्रकरणाची रुग्णालयाने गंभीर दखल घेतली. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की कॅज्युअल्टीने दाखवलेल्या यंत्रतपासणीच्या दक्षतेमुळे एका नागरिकाचे प्राण वाचले. तेव्हापासून प्रत्येक यंत्र आधी सोबतच्या माणसावर लावून बघावं असा हुकूम निघाला. पहिल्याच महिन्यात सोबतच्या माणसांमध्ये एवढा मधुमेह, एवढा रक्तदाब आणि एक मोतीबिंदू सापडला, की सोबतच्या माणसांसोबतही माणूस असावा असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे. आमच्या इमारतीत माझा भाव वधारला. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींना खांदा दाखवायचा आहे, पण रांगेत उभं राहायचं नाही. वरच्या मजल्यावरचे सर दम्यासाठी माझी पुढची तारीख मागतात. मी सगळ्यांना नेते. बालरोगात आमचं सगळ्यांचं चांगलं स्वागत होतं. मावशींना चांदणीही मिळाली.

तरुण डॉक्टर आता मला भेटते तेव्हा खुर्ची ओढून समोर बसते आणि सगळं ऐकून घेते. त्यामुळे तिची रांग लांबते आणि तिला वरून दोनदा समज मिळाली आहे. ती म्हणते, जरा लवकर बोलता आलं तर बघा. मी प्रयत्न करते आहे.

आणि तुमचंही कौतुक करायला हवं. एवढी लांबलचक गोष्ट तुम्ही सलग ऐकलीत. मध्ये एकदाही वाक्य तोडलं नाहीत, 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का' असं विचारलं नाहीत, आवाज चढवला नाहीत. अर्थात हे छापलेलं आहे. छापलेल्या अक्षरांची मान डोलत नाही. हीच गोष्ट मी तुमच्यासमोर बसून सांगितली असती तर तिला अख्खी दुपार लागली असती, आणि पहिल्या वाक्याच्या मध्यावरच तुम्ही उठून, अतिशय मायेने, मला पाणी आणून दिलं असतंत. मग दिवसभर तुम्हाला स्वतःबद्दल बरं वाटलं असतं.

मी ते प्यायलेही असते. नको म्हणायला मला फार वेळ लागतो.